भाग ४२ : सिम्पसन्स नेमकं बिघडलं कधी?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. बोललो जवळपास तसंच ठेवलंय. फक्त मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाक काढून टाकलीये.)

 

आजचा विषय तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, पण आपल्याला तो माहीत आहे हेच त्यांना माहीत नाही. एक पिवळा, टकला, पोट सुटलेला माणूस हिरव्या झुडपात मागे मागे सरकत गायब होतो, ते जीआयएफ तुम्ही कधी ना कधी पाठवलंय. ग्रुपवर कुणी वर्गणीचा विषय काढला की हमखास पाठवतो आपण. तो माणूस म्हणजे होमर सिम्पसन. आणि तो सीन आहे १९९४ सालचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा.

ज्यांनी ‘द सिम्पसन्स’ अजिबात पाहिलं नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात ओळख. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड नावाचं गाव. तिथे होमर, त्याची बायको मार्ज आणि तीन मुलं : उनाड बार्ट, हुशार लिसा आणि कायम चोखणी तोंडात असलेली मॅगी. होमर गावातल्या अणुऊर्जा प्रकल्पात कामाला आहे आणि त्या कामात तो अत्यंत वाईट आहे. मॅट ग्रेनिंगने ही पात्रं १९८७ मध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’मधल्या छोट्या छोट्या तुकड्यांसाठी आणली. १७ डिसेंबर १९८९ ला फॉक्स वाहिनीवर अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये फॉक्सने ती थेट चाळिसाव्या सीझनपर्यंत वाढवली. बार्ट तेव्हा दहा वर्षांचा होता. आजही दहाच आहे.

आणि मालिका जितकी जुनी, जवळपास तितकंच जुनं चाहत्यांचं भांडण : ही मालिका बिघडली कधी?

बिघडली का, असा प्रश्न नसतोच. तो निकाल आधीच लागलेला असतो. वाद फक्त तारखेवर.

मला ही तारीख हॉस्टेलमध्ये शिकवली गेली. मी २०१५ ला बीटेकला लागलो. हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं, सगळ्यांच्या हार्ड डिस्क सगळ्यांना उघड्या. एक सीनियर होता, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्याच्या डिस्कवर सिम्पसन्सचे पहिले आठ सीझन होते, नीट नाव दिलेले, सबटायटलसकट. नववा सीझन नव्हताच. मी एकदा रूमवर जाऊन विचारलं, ‘मास्तर, पुढचे कुठायत?’ तो म्हणाला, ‘नवव्या सीझनच्या दुसऱ्या भागात मालिका गेली. पुढचं सगळं तेराव्याचं जेवण. ज्याला जेवायचंय त्याने जेवावं.’

मी मान डोलावली. आणि पुढची पाच वर्षं हेच वाक्य मी माझं म्हणून लोकांना ऐकवलं. नववा सीझन न बघता!

मास्तर म्हणत होता तो भाग म्हणजे ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’, २८ सप्टेंबर १९९७. शाळेचा मुख्याध्यापक स्किनर, आईच्या धाकातला, कडक शिस्तीचा, पण आतून बिचारा. आठ सीझन आपण त्याला ओळखतो. या भागात कळतं की हा स्किनर नाहीच. खरा स्किनर व्हिएतनामच्या युद्धात हरवला होता आणि हा त्याच्या नावावर जगणारा आर्मिन टॅमझेरियन. खरा स्किनर गावात येतो, गावाला तो आवडत नाही, त्याला आगगाडीला बांधून गावाबाहेर काढतात. मग न्यायाधीश फर्मान काढतो : सगळं पहिल्यासारखं, आणि याचा परत उल्लेख कुणी करायचा नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी थेट प्रॉडक्शनमध्ये भलताच बदल ढकलला आणि रात्रीतून रिव्हर्ट मारून म्हणाला, काही झालंच नाही.

चाहते भडकले. स्किनरला आवाज देणारा हॅरी शिअरर स्वतः यावर उघड नाराज होता. लेखक केन कीलरने नंतर बाजू मांडली की हा भाग मुळात ज्यांना काहीच बदललेलं नको असतं अशा लोकांबद्दलच आहे. म्हणजे आपल्याबद्दल. ते आपल्याला तेव्हाही आवडलं नाही, आताही आवडत नाही.

पण ही एकच तारीख नाही हो. कुणी म्हणतं १९९७ चा उन्हाळा, कारण माइक स्कली शोरनर झाला. शोरनर म्हणजे लेखकांच्या टीमचा कर्णधार. कुणी म्हणतं फेब्रुवारी २०००, त्या महिन्यात शेजारच्या फ्लँडर्सची बायको मॉड मेली. तिला आवाज देणारी अभिनेत्री मानधनाच्या वादातून बाहेर पडली होती, म्हणून पात्रच मारलं. मोटार शर्यतीच्या मैदानावर टी-शर्ट उडवणाऱ्या तोफेमुळे! कुणी म्हणतं अल जीन २००१ मध्ये परत आला आणि मग वीस वर्षं खुर्चीवरून उठलाच नाही, तेव्हापासून.

गंमत म्हणजे हे भांडण मालिकेने आधीच ऐकलं होतं. नव्वदच्या दशकात इंटरनेटवर युझनेट नावाचा प्रकार होता. भाग संपला की चाहते तिथे जाऊन निकाल लावायचे आणि लेखक ते वाचायचे. त्यातून ९ फेब्रुवारी १९९७ चा पूची नावाच्या कुत्र्याचा भाग आला. सिम्पसन्समधली मुलं जे कार्टून बघतात त्या कार्टूनमध्ये एक नवं पात्र घुसवलं जातं आणि ते सगळ्यांना नकोसं होतं. तिथे कॉमिक्सच्या दुकानाचा मालक, कॉमिक बुक गाय (आपली दुभती नव्हे, इंग्रजीतला ‘गाय’), तो जाहीर करतो की हा आजवरचा सर्वांत वाईट भाग. बार्ट त्याला विचारतो की इतके तास फुकट करमणूक केली, अजून ते तुझं काय देणं लागतात? याच भागाने सिम्पसन्सने ‘द फ्लिंटस्टोन्स’चा भागांचा विक्रम मोडला. म्हणजे मास्तरच्या तारखेच्या सात महिने आधीच मालिका स्वतःच्या म्हातारपणावर विनोद करत होती.

आता घरी येतो.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन. मी पुण्याहून इचलकरंजीला, घरी. त्याच महिन्यात आपल्याकडे डिस्ने प्लस हॉटस्टार सुरू झालं आणि सिम्पसन्स हातात आलं. माझे बाबा एका सायझिंगमध्ये हिशेब बघायचे. गावातले माग बंद, सायझिंग बंद, बाबा घरात. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी घरात. त्यांना काय करायचं तेच कळेना. गॅसच्या जुन्या पावत्या वर्षवार लावून झाल्या, मग माझ्याशेजारी येऊन बसले. ‘काय बघतोयस ते मलाही सांग.’

इंग्रजी त्यांना भराभर कळत नाही. मग मी होमरचं इचलकरंजीच्या मराठीत भाषांतर करायला लागलो. अगदी पहिल्या भागापासून.

पहिला भाग ख्रिसमसचा आहे. होमरला बोनसची खात्री आहे. मार्जने वर्षभर जमवलेले पैसे बार्टचा टॅटू काढण्यात जातात, कारण बोनस येणारच आहे. आणि मालक बर्न्स जाहीर करतो की यंदा बोनस नाही. होमर घरी सांगत नाही. गुपचूप एका मॉलमध्ये सांताक्लॉज बनून बसतो, पोरांना मांडीवर घेतो. बार्टच त्याची दाढी ओढतो आणि आत बाप सापडतो. शेवटी कापून कापून हातात पडतात तेरा डॉलर.

बाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘तू सहावीत होतास, ती दिवाळी आठवते?’

२००८ ची दिवाळी. मंदीचं वर्ष. मला आठवत होतं की बाबा रात्री जेवून परत जायचे. हिशेबाचं काम राहिलंय म्हणायचे. ‘हिशेब नव्हता,’ बाबा म्हणाले. ‘बोनस झाला नव्हता त्या वर्षी. फटाक्यांच्या स्टॉलवर बसायचो, पंधरा दिवस. लांबच्या पेठेत, म्हणजे तुमच्यापैकी कुणी यायला नको.’

बारा वर्षांनी मला ते कळलं. एका पिवळ्या कार्टूनमुळे. त्या दिवाळीत मला नवी बॅट मिळाली होती. ती कुठून आली, याचा मी कधी विचारही केला नव्हता.

त्यानंतर बाबा रोज बसायला लागले. मग एक दिवस मी आत चहा टाकायला गेलो होतो आणि ॲपने आपल्या मनाने पुढचा कुठला तरी भाग लावला. विसाव्याच्या पुढच्या सीझनमधला. मी बाहेर आलो तर बाबा बघतायत, मधेमधे हसतायत. मी म्हटलं, ‘बंद करा बाबा, हे नंतरचे आहेत, वाईट आहेत.’ ते म्हणाले, ‘बरं आहे की. पण एक सांग. हा कामावर जातच नाही का आता? मग यांचं घर चालतं कसं?’

मंडळी, तीस वर्षांच्या भांडणावर इतकं नेमकं बोट मी कुठेच वाचलं नव्हतं.

जरा उलगडून सांगतो. दोन भाग शेजारी ठेवा. दोन्हींत घोडा आहे.

पहिला, ‘लिसाज पोनी’, नोव्हेंबर १९९१. लिसाच्या सॅक्सोफोनची एक छोटी पट्टी आणायला होमर विसरतो. शाळेच्या कार्यक्रमात तिची फजिती होते. अपराधीपणाने तो तिला घोडाच घेऊन देतो. आता घोडा पोसायचा कसा? दिवसा प्रकल्पात आणि रात्री अपूच्या दुकानात पाळी. तो गाडी चालवताना झोपतो. लिसाला हे कळतं, ती बापाकडे बघते, आणि घोडा परत करते. यात विनोद ठासून भरलाय. पण सगळा विनोद एका कोरड्या आकड्यावर उभा आहे : महिन्याचा खर्च.

दुसरा, ‘सॅडलसोर गॅलॅक्टिका’, फेब्रुवारी २०००. पुन्हा घोडा. इथेही मार्ज म्हणते की परवडत नाही. पण ते वाक्य फक्त पुढच्या गमतीला धक्का द्यायला आलंय. घोडा शर्यतीत उतरतो, जिंकतो, आणि मग कळतं की घोडेस्वार म्हणजे जमिनीखाली राहणारी बुटकी, परीकथेतली जमात आहे. कॉमिक बुक गाय त्याच भागात येऊन आठवण करून देतो की यांच्याकडे आधी एकदा घोडा होता. लेखकांना माहीत होतं! माहीत असून त्यांनी खांदे उडवले.

मास्तर म्हणेल, बघ, बाष्कळपणा आला. पण बाष्कळपणा आधीही होता. १९९४ मध्ये, ऐन सुवर्णकाळात, होमर अंतराळात जाऊन आलाय! तो भाग सुरू कुठून होतो ते आठवा. प्रकल्पात ‘आठवड्याचा उत्कृष्ट कामगार’ निवडायचाय, प्रत्येकाला एकदा तरी मिळालंय, होमरला कधीच नाही. यंदा तरी, असं त्याला वाटतं. आणि पुरस्कार मिळतो एका कार्बनच्या दांड्याला. निर्जीव दांड्याला! ज्याने अप्रेझलच्या मीटिंगमध्ये स्वतःचं नाव सोडून सगळ्यांची नावं ऐकलीयेत त्याला तो दांडा चांगला ठाऊक आहे. पुढे रॉकेट येऊ दे नाहीतर अजून काही, आपण होमरबरोबर जातो, कारण निघालोय ओळखीच्या दुखण्यातून.

माझं म्हणणं एवढंच आहे : मालिका मोठ्या थापांनी बिघडली नाही. थापेची किंमत मोजणं बंद झालं तेव्हा बिघडली. १९९२ मध्ये कुत्र्याच्या ऑपरेशनचे ७५० डॉलर भरताना घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं आणि सगळे त्या बिचाऱ्या कुत्र्यावर चिडतात. १९९३ मध्ये लिसाच्या दातांच्या तारेसाठी आख्ख्या युनियनचा संप होतो. नंतरच्या वर्षांत होमर हव्या त्या गावाला जातो, हवा तो धंदा करतो, हवं ते मोडतो. आणि पुढच्या रविवारी सोफा तिथेच.

मग ज्याला चूक करून काही भरावंच लागत नाही, तो माणूस हळूहळू निर्दय वाटायला लागतो. चाहत्यांनी या नंतरच्या होमरला एक शिवीवजा नाव ठेवलंय, ते मी इथे घेत नाही, आई हा पॉडकास्ट ऐकते. पण तक्रार बरोबर आहे. पहिला होमर मूर्ख होता आणि त्याला त्याची लाज वाटायची. नंतरचा मूर्ख आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

या बदलाचा दिवस शोधायचाच असेल तर मी ४ मे १९९७ म्हणेन. फ्रँक ग्राइम्सचा भाग, ‘होमर्स एनिमी’. ग्राइम्स आयुष्यभर खस्ता खाल्लेला, कष्टाळू माणूस. प्रकल्पात नवा लागलाय. राहतो एका खोलीत, जिच्या वर बोलिंगचा अड्डा आणि खालीही बोलिंगचाच अड्डा. होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. ते दुमजली घर, जेवायला लॉबस्टर, भिंतीवर अंतराळातला फोटो. ग्राइम्स वेडा व्हायचाच बाकी राहतो. तो विचारतो, हे सगळं या माणसाला मिळालं कसं? आणि कुणालाच तो प्रश्न कळत नाही. शेवटी होमरची नक्कल करताना विजेच्या तारांना हात लावून तो मरतो. त्याच्या अंत्यविधीला होमर झोपेत बडबडतो आणि लोक हसतात.

हा भाग भारी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने एक दार बंद केलं. ग्राइम्सचा आणि बाबांचा प्रश्न एकच आहे, यांचं घर चालतं कसं? मालिकेने ग्राइम्सला उत्तर दिलं की बाबा रे, हे कार्टून आहे. एकदा हे स्वतःच्या तोंडाने म्हटलं, की बोनस न मिळालेला होमर परत आणणं फार अवघड.

आता चाहत्यांची दुसरी बाजू, जिच्याशी माझं पटत नाही. ती म्हणजे ‘लेखक आळशी झाले’. मी गेली काही वर्षं एका जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. मूळ लिहिणारे केव्हाच निघून गेले. दर नव्या आवृत्तीला कुणीतरी लिहितंच की जुनंच बरं होतं. त्यामुळे माझी सहानुभूती कुठल्या बाजूला असणार, ते समजून घ्या.

बघा ना. कोनन ओब्रायन १९९३ मध्ये स्वतःचा शो करायला गेला. ग्रेग डॅनियल्स ‘किंग ऑफ द हिल’ करायला गेला, पुढे अमेरिकन ‘द ऑफिस’ त्याचंच. पूचीचा भाग लिहिणारा डेव्हिड एक्स. कोहेन, खुद्द ग्रेनिंगबरोबर, ‘फ्यूचरामा’ करायला गेला. ब्रॅड बर्ड सिनेमाकडे गेला, ‘द इन्क्रेडिबल्स’वाला. तुमच्या टीममधून अशी चार माणसं गेली तर तुम्हीही पुढचे सहा महिने नुसतं घर सावरत बसाल.

शिवाय पहिल्या आठ सीझनचे मिळून भाग १७८. आज आकडा आठशेच्या घरात आहे. बाप-मुलीचा रुसवा, नवरा-बायकोचं तुटता तुटता जुळणं, शाळेत नापास होणं, सगळं एकदा उत्तम करून झालंय. २००२ मध्ये ‘साउथ पार्क’ने एक भागच काढला, की काहीही सुचलं तरी ते सिम्पसन्सने आधी केलेलं असतं. हे दुःख सिम्पसन्सच्या लेखकांना दुप्पट. त्यांचा प्रतिस्पर्धी म्हणजे तेच, पण तरुणपणीचे.

आणि कुणी मोठं व्हायचं नाही ही अट. १९९१ च्या भागात होमर आणि मार्ज १९७४ मध्ये शाळेत भेटतात. २००८ मध्ये त्यांनी ‘दॅट नाइंटीज शो’ केला आणि त्याच दोघांचं तरुणपण नव्वदच्या दशकात नेऊन ठेवलं. चाहते खवळले. पण दहा वर्षांचा बार्ट तसाच ठेवायचा आणि कॅलेंडर पुढे जाऊ द्यायचं, तर आई-बापाची जन्मतारीख सरकवावीच लागते. बॅकअप न घेता डेटा हलवल्यासारखं आहे ते. दुसरा मार्ग मात्र मलाही दिसत नाही.

अजून एक. सुवर्णकाळ, सुवर्णकाळ म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. अपू. क्विक-ई-मार्टचा मालक, नाव सत्यजित राय यांच्या सिनेमातल्या अपूवरून घेतलेलं, आणि आवाज देणारा हँक अझेरिया हा गोरा अमेरिकन नट. हॉस्टेलमध्ये आम्ही त्या उच्चारांवर लोळून हसायचो. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत वाढला. तो म्हणाला, ‘तुम्ही हसत होतात, मला शाळेत त्याच नावाने हाक मारायचे.’ २०१७ मध्ये हरी कोंडाबोलूने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला आणि जानेवारी २०२० मध्ये अझेरियाने तो आवाज सोडला. तरी लिसाचा घोडा पोसायला होमर ज्या दुकानात रात्रपाळी करतो, ते दुकान अपूचंच. गोष्ट चांगली आणि आवाज चुकीचा, दोन्ही एकाच भागात. ते वेगळं काढता येत नाही मला. सोन्यात भेसळ होती, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

आता शेवटचा मुद्दा. मेलेली मालिका परत उठू शकते का?

२०२१ मध्ये, तेहतिसाव्या सीझनपासून, मॅट सेल्मन मुख्य शोरनर झाला. त्याच सीझनमध्ये ‘पिक्सेलेटेड अँड अफ्रेड’ नावाचा भाग आहे. होमर आणि मार्ज बर्फाळ जंगलात अडकतात, दोघंच, अंगावर कपडेसुद्धा नाहीत. थंडी खरी, भूक खरी, आणि इतक्या वर्षांचा संसारही खरा. आणि सीझनचा शेवटचा भाग, २२ मे २०२२, ‘पूअरहाउस रॉक’.

त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात एक लेख आला होता. होमर फक्त शाळा शिकलेला, एकट्याच्या पगारावर घर, दोन गाड्या, तीन मुलं. नव्वदमध्ये हे साधं कुटुंब वाटायचं, आता ते स्वप्न झालंय, असा त्याचा सूर. मालिकेने तो धागा उचलला. बार्ट बाबांचं ऑफिस बघायला जातो, भारावतो, म्हणतो मीही हेच करणार. तेवढ्यात प्रकल्पातला सफाई कामगार गात गात पुढे येतो, आवाज ह्यू जॅकमनचा, आणि त्याला समजावतो की अशी नोकरी आता तुला मिळणार नाही, ती वाट कधीच बंद झाली.

पंचवीस वर्षांनी ग्राइम्सला उत्तर मिळालं. आणि बाबांनाही.

मी तो भाग बघितला फेब्रुवारी २०२३ मध्ये. जानेवारीत माझी नोकरी गेली होती. अर्ध्या तासाचा कॉल म्हणून आमंत्रण आलं होतं, बारा मिनिटांत संपलं. मी इचलकरंजीला आलो, आणि घरी सांगितलं की दोन महिने घरूनच काम आहे. रोज सकाळी आंघोळ करून लॅपटॉप उघडून बसायचो. बरोबर. मीही फटाक्यांच्या स्टॉलवरच बसलो होतो.

आठव्या दिवशी रात्री बाबा आणि मी ‘पूअरहाउस रॉक’ लावला. गाणं चालू असताना मी भाषांतर करत होतो आणि मधेच थांबलो. पुढचं वाक्य तोंडातून येईना. बाबांनी रिमोट घेऊन थांबवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘पीएफ किती जमलाय तुझा?’

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिवसभरात एकही कॉल न येणारं घरून काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर मिळाली नोकरी, काळजी करू नका, म्हणून तर माइक चांगला आहे.

मग मी मास्तरला फोन केला. तो आता बंगळुरूत असतो, आम्ही वर्षातून एकदा बोलतो आणि याच विषयावर भांडतो. म्हटलं, एक भाग बघ, सीझन तेहतीस. तो म्हणाला, ‘तत्त्वात बसत नाही.’ दोन दिवसांनी मेसेज आला : ‘बघितला. जुन्या दहातल्या एकाच्याही जवळ जात नाही.’ मग पाच मिनिटांनी दुसरा : ‘पण बार्ट विचारतो ते बरोबर आहे.’ आणि तिसरा, रात्री एक वाजता : ‘आमच्या टीममधून पण काढतायत.’

तर माझा निकाल असा. मास्तर बरोबर होता, पहिल्या आठ सीझनसारखं परत काही झालं नाही, होणारही नाही. पण मालिका मेली हे खोटं. ती कामावर जायची बंद झाली होती. मधेमधे जाते आता. सप्टेंबर २०२४ मधला ‘बार्ट्स बर्थडे’ बघा, एआयने लिहिलेला मालिकेचा शेवट, असं सोंग घेतलेला भाग. जो तो भराभर सुखी होत सुटतो, कोनन ओब्रायन सूत्रसंचालक म्हणून परत आलाय, आणि एकटा बार्ट घाबरतो की हे सगळं काय चाललंय. माझ्या पेशातल्या माणसाला त्यात हसू आलं आणि घामही फुटला.

सुरुवात करायची असेल तर हे पाच : पहिला ख्रिसमसचा भाग, ‘लिसाज पोनी’, ‘अँड मॅगी मेक्स थ्री’, ‘होमर्स एनिमी’ आणि ‘पूअरहाउस रॉक’. याच क्रमाने. तिसऱ्याबद्दल काही सांगत नाही. एवढंच, की होमर नकोशा नोकरीवर परत का जातो आणि मॅगीचे फोटो घरातल्या अल्बममध्ये का नाहीत, हे त्यात आहे. जमलं तर घरातल्या कमावत्या माणसाबरोबर बघा. भाषांतर तुम्ही करा.

आणि तुमच्या मते मालिका कधी बिघडली ते कळवा. तारखेसकट. फक्त एक अट : त्या तारखेनंतरचे निदान पाच भाग बघून मगच. मी पाच वर्षं न बघता बोललो, तुम्ही तसं करू नका.

चला, भेटू पुढच्या बुधवारी. बाबा आत हाक मारतायत, नवीन भाग आलाय म्हणे. काळजी घ्या!